सोवळं वाळवणारा तराजू

"कोनी खरं मानन नाई, हे मी पयलेच सांगून ठेवतो," शेषराव म्हणाला आणि पानाचा विडा त्यानं डाव्या गालातून उजव्या गालात नेला. "पन या घरच्या शेगडीनं नुसतं सोवळं नाई वाळवलं. त्या खिडकीबाहेर वामनरावाची गाय बांधेल होती. तिले आठ दिवस या शेगडीची धग लागली. नवव्या दिवशी धार काढाले बसले तं चरवीत दूध पडेच ना. खवा पडला, खवा! वड्या थापाच्या तेवढ्या बाकी राह्यल्या होत्या."

ओसरीवर हशा पिकला. द्वादशीचं उद्यापनाचं जेवण झालेलं, पुरणाची गुंगी चढलेली, कचेरीतले पाचसहा कारकून लोडांना टेकून बसलेले. अशा वेळी माणसाला दुसरं काय हवं असतं! इंद्रभाननं एक बोट वर केलं.

"एक," तो म्हणाला.

हा इंद्रभान म्हणजे शेषरावाच्याच गावचा, देऊळघाटचा. शेषरावाच्या गाडीतून फुकट यायचं, शेषरावाच्या चंचीतलं पान खायचं आणि शेषरावाच्या थापा बोटांवर मोजायच्या, एवढंच काम त्यानं म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं.

"मोज बे, मोज," शेषराव म्हणाला. "पायाची बोटं बी मोकळी करून ठेव."

पुन्हा हशा. माजघराच्या उंबऱ्याआड सरस्वतीबाई पाटावर बसल्या होत्या. त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. चार महिन्यांचा नेम आज पार पडला होता. वामनराव, त्यांचा एकुलता मुलगा, उन्हाळ्यात विषमज्वरातून उठला, तेव्हा त्यांनी नवस बोलला होता: चातुर्मासभर रोज स्वतःच्या हातानं धुतलेलं सुती सोवळं नेसून देवाचा नैवेद्य रांधायचा. पेटीत लोकरीची धाबळी होती, रेशमी मुकटा होता; ती रोज धुवावी लागत नाहीत. पण नवस धूतवस्त्राचा, तिथं पळवाट नाही.

सगळे हसत होते आणि शेषरावाला विडा कडू लागत होता. त्याला ठाऊक होतं, गोष्ट थांबली की लोक उठतील, लोक उठले की संध्याकाळ होईल, आणि संध्याकाळनंतर ती उद्याची सकाळ येईल. म्हणून तो थांबत नव्हता.

ती उद्याची सकाळ काय होती, ते सांगायचं तर आषाढापासून सांगायला हवं.

बुलढाणा घाटावरचं गाव. आषाढात तिथं एकदा झड लागली की ढग घरात शिरून भांड्यांवर बसतात. धुतलेलं सोवळं तीन तीन दिवस वाळेना. एरवी बाळंतिणीच्या घरी करतात तसं शेगडीवर बांबूचं डालं पालथं घालून त्यावर कपडा पसरावा, तर आणखी एक पंचाईत. सोवळं काठीनं उचलायचं, काठीनं टाकायचं. नेसणारीनं नेसेपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. मग वाळलं की नाही हे बघायचं कसं? कोळसा पोत्यानं जळायचा आणि सोवळं एकीकडे भाजून पिवळं, दुसरीकडे ओलं. सरस्वतीबाई ते तसंच ओलं नेसून चुलीपुढं बसायच्या. पंधरा दिवसांत खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणाला, ओल्या कपड्यानं म्हातारी जाईल. म्हातारी म्हणाली, गेली तर गेली, नेम मोडायची नाही.

वामनरावांकडे कोळसा घालायचा शेषराव. त्याआधी चाळीस वर्षं मलकापूरच्या कापूसबाजारात त्यानं तराजू धरलेला. वामनराव एक दिवस डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "शेषराव, काहीतरी करा. आईला कोणी समजावू शकत नाही, पण निदान सोवळं वाळेल असं काहीतरी करा."

आणि शेषरावानं केलं. एवढं मात्र थाप नाही.

सागाच्या फळ्यांची पुरुषभर उंच पेटी. खाली शेगडी, वर पत्र्याचं नळकांडं, म्हणजे ओली वाफ थेट कौलांबाहेर. पेटीच्या आत आडवी दांडी सोवळं टाकायला, आणि ती दांडी टांगलेली तराजूच्या एका हाताला. दुसरा हात पेटीबाहेर, त्याला पारडं, पारड्यात नदीचे गोटे. सोवळं ओलं असेल तोवर जड, दांडी खाली. पाणी उडत जाईल तसं हलकं, दांडी वर. पुरतं वाळलं की पारडं खाली बसायचं, त्याच्या धक्क्यानं एक खुंटी निसटायची, आणि शेगडीच्या हवेच्या तोंडावर मातीचं झाकण धप्पकन पडायचं. विस्तव निजायचा. सोवळं ना करपे, ना ओलं राहे, ना कोणाला हात लावावा लागे. एका उघडिपीच्या दिवशी बाईंनी खडखडीत वाळलेलं सोवळं स्वतः दांडीवर टाकलं आणि शेषरावानं पारड्यात एकेक गोटा घालून भार जुळवला. पहिल्या दिवसापासून कोळसा निम्मा लागला. शेषरावाची विक्री निम्म्यानं घटली आणि त्याला त्याचाच गर्व झाला.

श्रावणात निरोप आला: झाकण लवकर पडतंय, सोवळं दमट राहतंय.

तो आला तेव्हा सरस्वतीबाई विहिरीवर आंघोळीला गेलेल्या. वामनराव कचेरीत. सूनबाई, सुलभा, मागच्या अंगणात धुणं घेऊन बसलेली. पेटीत दांडीवर सोवळं, आणि शेगडीचं झाकण नुकतंच पडलेलं. शेषरावानं तराजूच्या आसाला वंगण घातलं, दोनदा हात हलवून पाहिला. आस बिनचूक फिरत होता. मग बिघाड कुठं? आणि तिथं त्याचा हात घात करून गेला. कापूसबाजारात शेतकरी कापसाला पाणी मारून आणतात, म्हणून तोलणारा माणूस काट्याकडे नंतर बघतो, आधी ढिगात हात खुपसतो. चाळीस वर्षं रोज शेकडो वेळा खुपसलेला हात. त्याला कुठलं सोवळं आणि कुठलं ओवळं! शेषरावाला कळायच्या आत त्याच्या चिमटीत सोवळ्याचा काठ होता.

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. पांढऱ्या कापडावर काळपट बोट उमटलं होतं.

बाई आल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. मग बाई आल्या. ओलेत्यानं, पांढऱ्याफटक, खोकत आल्या, आणि "बसा शेषराव, तुम्ही आहात म्हणून नेम चाललाय हो," असं म्हणाल्या. त्यानं पारड्यातून एक गोटा काढला आणि गाडी जुंपली.

आठ दिवसांनी कानावर आलं, सोवळ्यावर काजळाचं बोट सापडलं, सूनबाईनं शिवलं म्हणे. शेषराव मनाशी म्हणाला, सासू-सुनेचं काय, एक दिवस धुसफुस होईल आणि मिटेल. नंतरचे तीन महिने त्यानं कोळशाची पोती इंद्रभानकडून पाठवली.

आज सकाळी मात्र उद्यापनाला यावंच लागलं. गाडी सोडतो न सोडतो तोच वामनराव जवळ आले. खाली बघत म्हणाले, "शेषराव, उद्या गाडी हवी होती. हिला सुलतानपूरला पोचवायचंय. माहेरी."

"दिवाळी तं होऊन गेली, भाऊ."

"दिवाळीला नाही." वामनरावांनी बैलाच्या वशिंडावर उगाच हात फिरवला. "आई म्हणते, शिवली त्याचं काही नाही, पोर आहे, चुकली. पण देवाच्या कपड्यापुढं उभी राहून धडधडीत खोटं बोलली, तिच्या हातचं पाणी मी घेणार नाही. श्रावणापासून स्वयंपाकघरात पाय नाही तिचा. आता नेम झाला, आता म्हणते तिला पोचवा. मी बोलावेन तेव्हा आणा."

"अन् कवा बोलावतीन?"

वामनराव पाहुण्यांकडे वळले.

शेषराव पोतं खांद्यावर टाकून मागच्या दारी गेला. गोठ्याशेजारच्या पडवीत सुलभा समईच्या वाती वळत बसली होती. पुढं एक वेगळी ठेवलेली पितळी, एक तांब्या. डोळ्यांत काजळ नव्हतं. बिनकाजळाचं ते तोंड आजारी माणसासारखं दिसत होतं.

"काका, गाडीला छप्पर आहे ना?" तिनं विचारलं. "सुलतानपूरपर्यंत दोन मुक्काम पडतात. ऊन लागतं."

"घालतो छप्पर, पोरी."

"सासूबाई अजून म्हणतात, कबूल कर, या क्षणी पदरात घेते." ती वात वळत राहिली. "कालपासून माझ्या मनात येतंय, म्हणून टाकावं, शिवले होते. म्हणजे राहता तरी येईल. पण मग मी खोटारडीच की हो ठरेन, खरोखरची."

शेषरावानं पोतं खाली ठेवलं. तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते असं: "कोयसा बरा लागला यंदा, धूर नाई मारत." आणि तो पुढच्या दारी आला. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर थापा मारून कधी कोणाचं वाईट केलं नाही असं समजणारा, आणि आज त्याला चार शब्द खरे बोलता येईनात.

म्हणून जेवताना त्यानं मनाशी एक बेत केला. लोक म्हणणारच आहेत, शेषराव, शेगडीची गोष्ट सांगा. सांगू. आणि सांगता सांगता त्यात एक अशी चांगली थाप घालू की डाग आपोआप उडाला पाहिजे. पोरगी सुटेल आणि आपणही सुटू. तीनशे माणसांसमोर हजार थापा पचवलेला माणूस, एक थाप सत्कारणी लागणार नाही?

"दुसरी सांगा, दुसरी," एक कारकून म्हणाला.

"दुसरी म्हंजे, कचेरीत पाह्यजे तं विचारा. छत गळून दप्तर ओलं झालं. साहेबानं नागपूरले तार करन्यापेक्षा गठ्ठे इकडेच धाडले. म्या दांडीवर टाकले. कागद असे वाळले, असे वाळले का शाई बी वाळून उडाली! कोरे कागद वापस गेले. त्यावर साहेबानं सही केली, कोनाले काई समजलं नाई."

वामनरावसुद्धा हसले. कारकुनांचा तर ठसका लागला.

"दोन," इंद्रभान म्हणाला. "ही जरा खरी वाटते."

"तिसरी आयक. एक पोरगी रडत रडत आली, या शेगडीपाशी बसली, तं तिचं रडू बी..." शेषरावाची नजर खिडकीतून मागं गेली. पडवीत वाती वळणारे हात दिसत होते. 

"तिचं रडू काय?"

"काई नाई. ते राहू दे. ते जमलं नाई." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आवाज वाढवला. "आता सरस्वतीबाईसमोर सांगतो, आयकून घ्या. श्रावनात त्या सोवळ्यावर काळा डाग पडला होता, नाई का? तो काजळाचा नोहे. त्या दिवशी म्या आसाले वंगन घालेल होतं. तराजू हलला अन् वंगन उडालं. टप्पदिशी. माह्या डोळ्यांनी पाह्यलं म्या."

 घरातली गोष्ट चारचौघांत आली होती. वामनराव मान वर करून बघत राहिले.

सरस्वतीबाईंचं हसू मावळलं होतं, पण आवाज मऊच होता. "शेषराव, तुमचं मन मोठं आहे. सुनेला झाकताय. पण उडालेल्या तेलाचा थेंब गोल पडतो हो. तो डाग ओढलेला होता. चिमटीत धरून सोडल्यासारखा. वर एक, खाली एक."

शेषरावाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मंग माकड असन," तो म्हणाला.

"माकड?"

"हाव. खिडकीतून आलं. काळ्या हाताचं. म्या पाह्यलं, पन बोललो नाई, तुमाले वाईट वाटन म्हनून."

"तीन!" इंद्रभान ओरडला.

"देवापुढं सहा केळी होती त्या दिवशी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "ती तशीच राहिली आणि माकड माझं लुगडं चिमटून गेलं?"

हशा असा फुटला की कोनाड्यातली पानाची तबकडी हलली. शेषरावही हसला. हसावंच लागलं. पण त्याला दिसलं की आपण गाठ सोडवायला गेलो ती आणखी घट्ट बसली. वर एक बोट, खाली एक बोट. आता तर माणसाचीच चिमटी ठरली, आणि घरचं माणूस तेव्हा तिथं एकच होतं, सुलभा.

"जाऊ द्या ते," कचेरीतला नाझर म्हणाला. त्याला यंत्रांचा नाद होता. "मला सांगा, झाकण लवकर पडत होतं ते तुम्ही दुरुस्त कसं केलं? वंगणानं?"

त्या प्रश्नानं शेषरावाला जीव आल्यासारखं झालं. इथं थाप मारायची गरज नव्हती. इथं सगळं खरं होतं, आणि खरं असूनही थापेपेक्षा चांगलं होतं. तो पुढं सरकून बसला.

"वंगनानं काय व्हते! आस तं बरोबर होता. मंग म्हटलं, भार कुठी हरवून राह्यला? सोवळ्यातलं पानी तं हाये, अन् काटा म्हनते वाळलं. चोर कोन? सांगा बरं."

"कोण?"

"दांडी!" त्यानं मांडीवर थाप मारली. "दांडी म्या ओल्या लाकडाची घालेल होती. महिनाभर खालून धग. सोवळ्यासंगं दांडी बी वाळत गेली. सोवळ्यात जेवढं पानी राह्यलं, तेवढं दांडीचं वजन घटलं. तराजूले वाटे काम झालं. म्या पारड्यातला एक गोटा काढला, का झालं बरोबर!"

"वा!" नाझर खरंच म्हणाला. इंद्रभानचं बोट अर्धवट वर येऊन थांबलं.

"पन मले समजलं कसं, ते आयका." शेषरावाला आता थांबता येत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी त्याला आपल्या हातातलं कसब कोणी तरी विचारत होतं. "दुसरा कोनी असता तं म्हनला असता, शेगडी कमी पडते, आखीन कोयसा घाला. म्या नाई म्हटलं. काऊन, तं सोवळं मधात पापडासारखं कोरडं होतं, अन् ओल फक्त काठाले होती. दुहेरी पट्टीत, मासाभर. धग कमी असती तं सारंच दमट राह्यलं असतं ना? धग बराबर होती, येळ कमी पडून राह्यला होता. म्हंजे झाकनाचा दोष, म्हंजे भाराचा दोष. इतकं सरळ हाये ते."

"वा, शेषराव, वा," नाझर म्हणाला. "डोळा म्हणजे डोळा आहे तुमचा."

"डोयाच तं!" शेषराव म्हणाला. "उंबऱ्याबाहेरून पाह्यलं म्या. हात नाई, बोट नाई. कापसातलं मासाभर पानी लांबून दिसते मले."

कारकुनांनी माना डोलावल्या. इंद्रभाननं बोट खाली घेतलं. त्याला ही थाप मोजावी की नाही ते समजेना. शेषरावानं डबीतला चुना काढला आणि त्याला माजघरात पाट सरकल्याचा आवाज आला. त्यानं वर बघायचं टाळलं. चुना पानाला लावत राहिला, पान हिरवं दिसेना इतका.

सरस्वतीबाई उठून उंबऱ्यात आल्या होत्या.

"शेषराव," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी विहिरीवरून आले, पेटी उघडली, डाग पाहिला आणि ते सोवळं काठीनं उचलून तसंच पाण्यात टाकलं. मी ते नेसले नाही. मी त्याला शिवले नाही."

 मागच्या पडवीतले वातींवरचे हात थांबले होते.

"हो, बाई," शेषराव म्हणाला.

"आधीच्या दिवसांत दमट राहत होतं, एवढंच मी तुम्हाला कळवलं होतं. कुठं दमट, ते नाही. आणि त्या दिवशी मधे कोरडं नि काठ ओला, हे मला आज कळतंय. तुमच्या तोंडून."

वामनराव लोड सोडून सरळ बसले. नाझरानं चष्मा काढला. शेषरावाच्या बोटांवर चुना वाळत चालला होता.

"चाळीस वर्षं मी सोवळं वाळवतेय," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. "काठातली ओल लांबून कोणाच्या बापाला दिसत नाही. ती चिमटीत धरावी लागते. ती चिमटी तुमची होती, शेषराव. माझ्या सुनेची नव्हती."